काळी दोनचा सूर

अन्याय झाला तो माझ्या आईच्या वडिलांवर. दसऱ्याच्या दिवशी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, धुळ्यात, एका लग्नाच्या बँडच्या तालीमखोलीत. चाळीसेक माणसं समोर बसलेली, त्यांतली निम्मी त्यांच्याच हाताखाली शिकलेली. वेळ मी पक्की सांगते, कारण मी तेव्हा मोबाइलवर शूटिंग करत होते आणि ते शूटिंग अजून माझ्याकडे आहे. 'ताई, डिलीट करून टाका ना' असं मला तिघांनी सांगून झालं. करणार नाही.

नावं लिहीत नाही. हसणारे स्वतःला ओळखतील. आणि बँडच्या गल्लीत नुसतं आबा म्हटलं तरी एकच माणूस समजला जातो, तेवढं पुरे.

आबा क्लॅरोनेट वाजवतात. वय पंचाहत्तरच्या पुढे. वरचे दात बसवलेले, आणि त्या दातांवर वाद्याचं तोंड कसं टेकवायचं, फुंक कशी धरायची, हे त्यांनी साठीनंतर नव्याने शिकून घेतलं. दसऱ्याला बाकीचा गाव गाड्या धुतो आणि हार घालतो. बँडवाले सतरंजीवर वाद्यं मांडतात. ट्रंपेट, सॅक्सोफोन, युफोनियम, ढोल, वर झेंडूची फुलं. पूजा झाली की खोलीतला सगळ्यात जाणता माणूस एक सूर धरतो आणि बाकी सगळे आपापलं वाद्य त्या सुराला लावून घेतात. तुळशीचं लग्न लागलं की हंगाम सुरू, आणि मग हंगामभर प्रत्येक वरातीआधी सूर त्याच माणसाने द्यायचा. हा मान आहे. आबांकडे तो माझ्या जन्माआधीपासून होता.

आता रॉक अँड रोल. धुळ्यातल्या वरातीत रॉक अँड रोल कुठून आलं, ते सांगते.

आबा एकोणीस वर्षांचे होते तेव्हा धुळ्याच्या बाजारात एका मारवाडी शेठचं रेडिओ-ग्रामोफोन दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्त झालेलं मशीन गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी शेठ त्यावर एकच तबकडी लावून बघायचे. मुंबईहून कुणीतरी आणलेली, एका अमेरिकन रॉक अँड रोल गायकाची. शेठना इंग्रजी गाण्याचं वेड होतं असं नाही. त्या गाण्यात जाड-बारीक सगळे आवाज एकदम येतात आणि मशीनमधली खोट लगेच कळते, एवढंच. आबा दुपारच्या उन्हात दुकानासमोर उभे राहायचे. शब्द एक कळत नव्हता. मधे गायक थांबतो आणि सॅक्सोफोन एकटाच सुटतो, तो तुकडा त्यांना हवा होता. कुणाचं तरी मशीन दुरुस्त व्हायची वाट बघायची, एकदा ऐकायचं, तरातरा खोलीवर यायचं, डोक्यात राहिलं तेवढं वाजवायचं आणि वहीत सरगम उतरवायची. अख्खा पावसाळा गेला त्यात. वहीच्या त्या पानावर वरच्या कोपऱ्यात शाईने लिहिलंय, खाली दोन रेघा मारून: काळी दोन. म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी हा ह्या गाण्याचा सा.

मग तो तुकडा वरातीत आला. नवरदेव मारुतीच्या देवळातून मांडवाकडे निघाला की ढोल थांबायचा आणि आबांनी एकट्याने तो वाजवायचा. शिरपूर, साक्री, पारोळा, सगळीकडे फर्माईश एकच. "आबा, तो विंग्रजी होऊ द्या!" माझ्या वडिलांच्या घोड्याने त्या तुकड्याला नवरदेवासकट उसळी मारली होती, हे आमच्या घरी अजून सांगतात. वडील सोडून सगळे हसतात.

तालमीत आबांचा एकच कायदा होता. चाल अशी आहे की तशी, यावर दोन वादक भांडायला लागले की ते म्हणायचे, "भांडू नका. गानं लावा, आयका." गाण्यात जे आहे ते खरं, बाकी सगळ्यांनी तोंड मिटायचं. हा कायदा लक्षात ठेवा. ह्याच कायद्याने त्यांचा गळा कापला गेला.

मी जळगावात राहते. ग्राहकांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संघटनेत आहे. आम्ही पत्रकं लिहितो आणि वाटतो. नशिराबादच्या बाजारात, जामनेरच्या बाजार समितीच्या फाटकाशी, मुक्ताईनगरच्या स्टँडवर मी पत्रकं वाटली आहेत, आणि त्यांतल्या निम्म्यांचा मजकूर एकच होता: पाकीट उलटं करा, मागचं बारीक अक्षर वाचा. बियाण्याची पिशवी, खोकल्याचं औषध, बिस्किटाचा पुडा. बोलून बोलून घसा बसवून घेतलाय मी. आणि आबांसाठी आणलेली वस्तू मी उलटून पाहिली नाही. ह्या सगळ्या प्रकरणात मला पहिली किळस माझी येते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला शिकवायला यायला नको.

झालं असं की बँडच्या मालकाने आबांचा सत्कार ठरवला. मालक तिशीतला आहे, त्याच्या वडिलांनी आणि आबांनी मिळून हा बँड उभा केला. सत्कार दसऱ्याला, पूजेनंतर, सूर द्यायच्या आधी. शाल, श्रीफळ आणि काहीतरी वेगळं. वेगळं काय, ते माझ्या डोक्यातून निघालं. शेठचं दुकान बंद पडल्यापासून आबांनी ते गाणं परत ऐकलं नव्हतं. म्हटलं, त्या गायकाची निवडक गाजलेल्या गाण्यांची नवी तबकडी मिळते, ती मागवू. गाणं सुरू होईल, सॅक्सोफोनची जागा येईल, आणि आबा तबकडीबरोबर क्लॅरोनेटवर तेच वाजवतील. मालकाला कल्पना फार आवडली. रील बनवण्यासाठी त्याने पेटीसारखं मिटणारं रेकॉर्ड प्लेअर घेतलंच होतं.

पार्सल आलं. कव्हरवर विशीतला तरणा पोरगा. केसांचा कोंबडा, ओठ एका बाजूला वाकडा, कमरेशी गिटार. सोनेरी अक्षरात, इंग्रजीत: सर्वोत्तम गाणी, मूळ गायकाच्या आवाजात. मी कौतुकाने वास घेतला त्या कव्हरचा, नव्या प्लास्टिकचा.  आबांना आश्चर्य वाटावं म्हणून मी ते आधी लावूनसुद्धा पाहिलं नाही.

दसरा. पूजा झाली, शाल झाली. तिसरं गाणं आपलं होतं. आबा शाल खांद्यावर सावरून, क्लॅरोनेट ओठाशी धरून बसले. सुई टेकली, गायक गायला लागला, आणि आबांनी भोकांवरची बोटं उचलली. मला वाटलं, भरून आलं असेल. मग ती जागा आली. सॅक्सोफोन नव्हताच. गिटारीचं काहीतरी गुळगुळीत वाजलं, अर्धंमुर्धं, आणि गायक परत सुरू.

"हाऊ तो नही," आबा त्यांच्या अहिराणीत म्हणाले, म्हणजे हा तो नव्हे. "हाऊ म्हातारा शे. सूरबी उतरेल शे."

गाणं चालूच होतं. मग साइड ड्रमवाला म्हणाला, "आबा, म्हातारा तर तुम्ही शेतस!"

खोली फुटली हसून.

मालकाने कव्हर दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. "दखा ना आबा, फोटो दखा! हाऊ म्हातारा दिखस का? केसं दखा, केसं!"

"फोटो राहू दे. आयक ना तू."

"आयकी ऱ्हायनू ना!"

कीबोर्डवाला, आबांनीच तयार केलेला, एकेक पट्टी दाबत गाण्याशी जुळवत होता. "काळी एक," तो म्हणाला. मग त्याने पूजेत ठेवलेली आबांची वही उचलली, फुलं झटकली आणि पान सगळ्यांना दाखवलं. "आणि इथं काय लिहिलंय? काळी दोन! आबा, इतला वरीस आम्ही चुकीना सूरवर वाजाडं का?"

"सॅक्सोफोन कोठे शे मंग?" कुणीतरी विचारलं.

"आबांच्या डोक्यात!"

कुणी मोबाइल काढला, गाणं शोधलं. तीच आवृत्ती आली, वर तोच तरणा फोटो. झालं, पुरावा मिळाला. आबा तेवढ्यात परत म्हणाले, "मी बराबर आयकेल व्हतं." आवाज लहान झाला होता. आणि मागच्या रांगेतून एकाने त्यांच्याच आवाजाची नक्कल केली, हुबेहूब, नाकातल्या सुरासकट: "भांडू नका! गानं लावा, आयका!"

त्यावर जे हसू फुटलं ते अकरा वीसचं.

मी हसले नाही. पण मोबाइलही खाली ठेवला नाही. 'आबा, सोडा ना आता,' असं मी म्हणाले. शूटिंगमध्ये माझा आवाज स्पष्ट येतो, लाडिक, समजूत घातल्यासारखा. 

मालक म्हणाला, "चला, सूर घ्या." आणि कीबोर्डवाल्याला मान हलवून खूण केली. "आबा, तुम्ही बसा. दमले असाल." कीबोर्डवर एक बोट पडलं, आणि चाळीस वर्षं ज्या माणसाकडून सूर घेतला त्याच्या समोर सगळ्यांनी प्लास्टिकच्या पट्टीवर वाद्यं लावली. आबांनी क्लॅरोनेटच्या तोंडावरची वेताची पातळ जिभली सोडली, रुमालाने पुसली, डबीत ठेवली. शालीची घडी घातली. नारळ विसरले.

तुळशीचं लग्न झालं, वराती सुरू झाल्या. पहिल्या दोन वरातींना आबा गेले, तिसऱ्या रांगेत चालले. मग जाणं बंद केलं. आईने मला धुळ्याला पाठवलं, म्हणाली, "ते काही सांगत नाहीत, तू बघ."

मामीने स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. आबा कानाच्या डॉक्टरकडे दोनदा जाऊन आले होते. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने कान चांगले आहेत. त्यावर आबांचं म्हणणं, "मशीन टूं टूं करस. त्याले काळी दोन काय समजस?" मग त्यांनी घरीच सुरू केलं. भिंतीकडे तोंड करून बसायचं, मामीने पेटीची कुठलीही पट्टी दाबायची आणि त्यांनी ओळखायची.

"पोळ्या टाकता टाकता उठून दाबते मी," मामी म्हणाली. "आजवर एकदाही चुकले नाहीत. तरी म्हणतात, तू मन राखी ऱ्हायनी."

हे केलं त्या हसणाऱ्यांनी. मान काढून घेतला, ते एक. पण ज्या कानांवर त्या माणसाने आयुष्य उभं केलं, त्या कानांवरचा त्याचा स्वतःचा विश्वास काढून घेतला. माणूस आपल्याच घरात भिंतीकडे तोंड करून परीक्षा देत बसला, रोज पास होत होता आणि निकाल मानत नव्हता.

मी उठले आणि तालीमखोलीवर गेले. कव्हर काचेच्या कपाटात होतं, ढाली आणि चषकांच्या मधे, फोटो पुढे करून. मी ते काढलं आणि उलटं केलं. जे दसऱ्याच्या आधी करायला हवं होतं ते.

अगदी खाली, बारकोडच्या पलीकडे, काळ्यावर राखाडी, तिळाएवढ्या अक्षरात एक ओळ होती. मोबाइलवर फोटो काढून, मोठी करून वाचली. ह्यातली गाणी मूळ गायकाने उत्तरायुष्यात, नव्या वादकांसह, पुन्हा ध्वनिमुद्रित केली आहेत.

म्हणजे पुढे विशीचा फोटो, आत साठीचा आवाज, आणि खरं काय ते तिळात. बनावट बियाणं विकणाऱ्याची आणि ह्या कंपनीची जात एकच. निदान बियाणं उगवलं नाही तर शेत साक्ष देतं. इथे साक्ष द्यायला एकच माणूस होता, त्याने पहिल्या ओळीत साक्ष दिली, आणि चाळीस जणांनी त्याला वेड्यात काढलं, कारण फोटोतल्या केसांचा कोंबडा झकास होता.

घरी येऊन मी आबांना ती ओळ मराठीत वाचून दाखवली.  त्यांनी विचारलं, "कितलं वय व्हतं त्यानं?"

"साठच्या पुढे असेल."

"मंग बराबर." त्यांनी मान हलवली. "दातबी बसाडेल व्हतीन त्याना."

मी म्हटलं, आबा, ही फसवणूक आहे, शुद्ध फसवणूक. ते म्हणाले, "म्हातारपनमा गायना, त्यामा काय व्हयनं? पोट त्यालेबी शे. फोटोबी म्हाताराच लावाले जोयजे व्हता."

आबांएवढं मोठं मन माझं नाही. मला अजून घाण वाटते.

पण नुसती ओळ दाखवून काम होणार नव्हतं. मूळ गाण्यात सॅक्सोफोन होता आणि सा काळी दोनच होता, हे कुणाला नाकारता येणार नाही असं दाखवायचं होतं. मोबाइलवर ते गाणं सात-आठ ठिकाणी सापडलं, काहींत सॅक्सोफोनही होता. पण प्रत्येकावर तोच तरणा फोटो आणि कोणतं कधीचं ते कुठेच धड लिहिलेलं नाही. त्या पुराव्यावर मी आमच्या संघटनेतही तक्रार घेतली नसती. जुनी तबकडीच हवी होती. विचारत विचारत ती जळगावातच सापडली, एका निवृत्त शिक्षकाकडे, झिजलेल्या रेघांची, त्या काळच्या लेबलाची. सर म्हणाले, "घेऊन या त्यांना."

धुळ्याहून एसटीने आले आबा. पारोळा आणि एरंडोल मागे पडलं तरी क्लॅरोनेटची पेटी मांडीवरच. सरांच्या घरी चहा ठेवला तो त्यांनी घेतला नाही. सरांनी आधी दुसऱ्या एका ओळखीच्या तबकडीचा सूर पेटीवर जुळवून दाखवला, म्हणजे मशीनचा वेग बरोबर आहे आणि सूर हललेला नाही, हे मी शूट केलं. मग सुई टेकवली.

खरखर. मग तो आवाज. तरणा, उद्धट, पुढे रेलणारा. माझ्यासारखीला सुद्धा कळलं की हा वेगळ्याच वयाचा आवाज आहे. आबांनी क्लॅरोनेट ओठाशी नेलं. गायक थांबला, सॅक्सोफोन सुटला, आणि आबा त्याच्याबरोबर असे गेले की कुठलं वाद्य खोलीत आहे आणि कुठलं तबकडीत, हे सरांच्या बायकोला दारातून कळेना. सरांनी पेटीची पट्टी दाबली आणि कॅमेऱ्यासमोर बोट ठेवून म्हणाले, "काळी दोन."

आबा फक्त म्हणाले, "आखो एकदाव लावा, सर."

सरांनी चार वेळा लावली.

हे सगळं घेऊन मी मालकाकडे गेले. मागची ओळ दाखवली, शूटिंग दाखवलं. त्याने पाहिलं, दात कोरत पाहिलं. म्हणाला, "सरांचं मशीन फास्ट फिरत असेल, ताई. त्याने सूर चढतो."

"मशीन फास्ट फिरवलं की गिटारीचा सॅक्सोफोन होतो का?"

तो हसला. तेच अकरा वीसचं हसू. "बरं, असेल तुमचं बरोबर. पण आता पोरांना कीबोर्डची सवय झाली. आबांचा आपण परत सत्कार करू. मोठा करू. हॉल घेऊ."

"सत्कार नको. सूर द्या त्यांचा त्यांना."

"बघू पुढच्या दसऱ्याला."

कीबोर्डवाला बाजूला उभा होता. "आम्ही गंमत केली हो," म्हणाला. त्याला विचारलं, मग गंमत संपल्यावर घरी जाऊन सांगितलंस का आबांना? तो बुटाने फरशी घासत राहिला. निघताना पाहिलं, तर मालकाने ते कव्हर पुसून परत कपाटात ठेवलं होतं. फोटो पुढे.

आबा आता भिंतीकडे तोंड करून बसत नाहीत. रोज सकाळी अंगणात खुर्ची टाकतात आणि एकच सूर धरतात, दम पुरेल तेवढा. मामी म्हणते, पेटी माळ्यावर गेली. कान त्यांचे त्यांना परत मिळाले. सूर द्यायची जागा मिळाली नाही, आणि ती मी मिळवून देऊ शकत नाही. मालक मला भीत नाही. तो एकाच माणसाला भितो, गिऱ्हाइकाला.

म्हणून हे तुमच्यासाठी लिहिलंय. तुमच्या घरी लग्न निघेल. मुलाचं, पुतण्याचं, शेजारच्याचं. सुपारी द्यायला, म्हणजे बँड ठरवायला, तुम्ही धुळ्याला बँडच्या गल्लीत, आबांच्या बँडकडे जाल. मालक खुर्ची देईल, चहा मागवेल, लायटिंगच्या गाडीचे फोटो दाखवेल. ते बघू नका. त्याला एकच विचारा: सूर कोण देणार? तो 'कीबोर्ड' म्हणाला तर उठा. आबांना बोलवा, समोर उभं राहून त्यांना काळी दोन धरू द्या, चाळीस वाद्यं त्या सुराला लागलेली स्वतःच्या कानांनी ऐका, आणि मगच सुपारी मालकाच्या हातावर ठेवा.